दुसरी फुली

॥ श्री ॥
२४ ऑगस्ट २०२५

ती. रघुकाकांस,
अनुजाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा पोचलं. काकूने पाकिटात घातलेली मालवणी मसाल्याची पुडी वाटेतच फुटली होती, त्यामुळे तिच्या गुडघ्याची हकीकत वाचताना मला चार शिंका आल्या. गुडघ्याला उतार आहे एवढं मात्र समजलं. तीन दिवसांवर गणपती आलेत आणि तुम्ही टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर मखर कसं उभं करताय याची मला इथे बसून काळजी. फोन करून विचारावं तर उपयोग नाही. पस्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेले तुमचे कान आता काकूच्या ओरडण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून हा पंधरा-सोळा दिवसांचा टपालाचा प्रवास. बाबा पोस्टात होते, त्यांना हे बघून बरं वाटलं असतं.

यंदा आमच्या बेटावर निवडणूक आहे, पंचवीस सप्टेंबरला. तुम्ही हसाल, पण एवढ्याशा बेटाला स्वतःची संसद आहे, स्वतःचे कायदे आहेत, पोस्टाची तिकिटंसुद्धा स्वतःची आहेत. पाकिटावरचं तिकीट आमच्या मनूने तुमच्यासाठी निवडलंय. आणि गंमत म्हणजे इथे पक्ष जवळजवळ नाहीतच. सगळे अपक्ष. झेंडा नाही, चिन्ह नाही, भोंगा नाही. उमेदवार एकटाच छत्री घेऊन दारोदार फिरतो, आपल्या नावाचा कागद देतो आणि तुमचं म्हणणं काय ते वहीत लिहून घेतो. तुम्ही इथे असतात तर आठवडाभरात सगळ्यांना जमवून एखादा पक्ष काढला असता.

आमच्या भागातून दोघांना निवडून द्यायचं आणि उभे तिघे. त्यातले एक म्हातारे डॉक्टर, ते येणारच. उरलेल्या एका जागेसाठी मॉरीन आणि फिलिप. मॉरीन कोण ते तुम्हाला ठाऊक आहे, पण काकू विसरली असेल म्हणून लिहिते. मी नर्स म्हणून इथे पहिल्यांदा उतरले तेव्हा विमानतळावर घ्यायला आलेली ती सुईण. मनूला तिनेच जगात आणलं. आता निवृत्त झाली आहे. आमच्या इस्पितळातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करायचं घाटतंय. मग बाईने दिवस भरायच्या आधी तीन आठवडे विमानाने पलीकडच्या शहरात जाऊन परक्या खोलीत वाट बघत बसायचं. ते थांबवायचं एवढ्या एका गोष्टीसाठी मॉरीन वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी उभी आहे.

फिलिप परवा दारी आला. त्याचं म्हणणं, नर्सेस मिळत नाहीत तर वॉर्ड कुणाच्या जिवावर चालवायचा. माणूस वाईट नाही. बाहेर आमच्या चपला बघून त्याने न सांगता स्वतःचे बूट काढले, आणि एका मोज्याला भोक होतं ते लपवलंही नाही. मला एकदम आपल्या चाळीतला कुणी आल्यासारखं वाटलं. पोहे केले, त्याने दोनदा घेतले, आणि जाताना बशी स्वतः विसळून ठेवली. मग म्हणाला की तुमचं पहिलं मत मॉरीनचं आहे हे मला माहीत आहे, दुसरं मला द्या. कारण इथे जागा दोन म्हणून प्रत्येकाला मतंही दोन. आम्ही घरात दोघं, म्हणजे चार मतं. एवढी श्रीमंती आपल्याला कधी होती?

जगदीशकाका कसे आहेत? शिवाजी पार्कातल्या बाकावर तुम्ही दोघं अजून बसता ना? त्यांचं बाबांशी कशावरून बिनसलं होतं ते तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत.

विनीतचा नमस्कार. काकूला आणि दर्शनावहिनीला माझी आठवण सांगा. लोभ आहेच, तो पुढच्या पुडीला दोन पिशव्या लावून व्यक्त करावा.

आपली,
अनुजा


॥ श्री ॥
काळाचौकी, मुंबई
१२ सप्टेंबर २०२५

चि. अनुजास,
रघुकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. तुझ्या काकूने चष्मा लावून ते मोठ्याने वाचून दाखवलं. मला काही ऐकू आलं नाही, पण तिची हौस झाली. मग मी स्वतः वाचलं. मखर नीट उभं राहिलं आणि गणपतीही सुखरूप गेले. फक्त मूर्ती आणि आम्ही एका लिफ्टमध्ये मावेनात, तेव्हा बाप्पा पुढे आणि आम्ही मागच्या लिफ्टने. चाळीत जिना होता तेव्हा सगळे एकत्र उतरायचे. आता पितृपक्ष चालू आहे. येत्या मंगळवारी तुझ्या बाबांची, राजारामदादाची तिथी. त्याला आवडायचे तसे भोपळ्याचे घारगे करायला सांगितलेत.

आता तुझ्या निवडणुकीचं. उंटावरून शेळ्या हाकतोय म्हणशील, पण चाळीस वर्षं मतदानाच्या दिवशी टेबल टाकून बसलोय, परळपासून प्रभादेवीपर्यंत लोकांना स्लिपा काढून दिल्यात, तेव्हा माझं ऐक. एकच फुली मार. मॉरीनबाईंच्या नावापुढे मार आणि दुसरी जागा कोरी सोडून घरी ये. विनीतलाही तेच सांग.

तुला दोन मतं म्हणजे श्रीमंती वाटते आहे. ती श्रीमंती नाही, सापळा आहे. डॉक्टर येणार हे ठरलेलं. लढाई या दोघांत. तू एक मत हिला दिलंस आणि एक त्याला, म्हणजे एका हाताने दिलंस आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलंस. तू मत न देता घरी झोपून राहिली असतीस तरी हिशेब तोच. फिलिप भला आहे, त्याला आणखी पोहे घाल, डबा बांधून दे. मत देऊ नकोस. भीड ही भिकेची बहीण आहे. हे म्हणणं सोपं आहे आणि कोऱ्या जागेकडे बघून कागद दुमडणं फार अवघड आहे, हे मला माहीत आहे.

काल पार्कात जगदीशला तुझी गोष्ट सांगितली. आम्ही दोघेही बहिरे, त्यामुळे बोलतो ते ओठांनी आणि हातांनी, लूमखात्यात बोलायचो तसं. ती तीन उमेदवारांची गोष्ट ऐकून तो हसला. मग त्याने बोटाने हवेत एक फुली मारली, एकच, आणि मूठ बंद केली. म्हणजे पोरीला एकच मारायला सांग. त्यानंतर आम्ही बराच वेळ नेटमध्ये खेळणाऱ्या पोरांकडे बघत बसलो.

हे दोन ओळींत मोबाइलवर टाकावं असं मनात आलं होतं. पण माझ्याच्याने टाइप होत नाही, दर्शनाला सांगावं लागतं, आणि आमच्या सूनबाई प्रश्न विचारतात. तेरा दिवस हातात आहेत, टपालाने मनावर घेतलं तर पत्र पोचेल. तू दादाचं आणि जगदीशचं विचारलंस. जुनी गोष्ट आहे, कधीतरी सांगीन.

मनूला सांग, तिकीट पाण्यात भिजवून सोडवलं आणि वहीत चिकटवलं. तुम्हां तिघांवर जीव आहे, तो असाच टपालखर्च सोसत राहील.

तुझा,
रघुकाका


॥ श्री ॥
२८ सप्टेंबर २०२५

ती. रघुकाकांस,
सा. न. वि. वि.

मॉरीन हरली. फिलिपला सहाशे बारा मतं, मॉरीनला सहाशे अकरा. दोनदा मोजली.

काका, मी आधी तेच लिहिते जे मी विनीतखेरीज अजून कुणालाही सांगितलेलं नाही. मी पहिली फुली मॉरीनपुढे मारली आणि मग पेन्सिल हातात तशीच राहिली. खाली लिहिलं होतं, जास्तीत जास्त दोन. डॉक्टरांना माझी गरज नव्हती. दुसरी जागा टाकून उठायचं म्हणजे मला ताटात अन्न टाकून उठल्यासारखं वाटलं. आईने ते कधी करू दिलं नाही. आणि डोळ्यांसमोर सारखी ती विसळून ठेवलेली बशी. मी दुसरी फुली फिलिपला दिली. विनीतला तर घरातून निघतानाच सांगून ठेवलं होतं की एक इकडे आणि एक तिकडे, कुणाचं मन मोडायला नको. त्याने बिचाऱ्याने तसंच केलं. आमच्या घरातल्या त्या दोन फुल्या नसत्या तर मॉरीन एका मताने निवडून आली असती.

निकाल लागला तेव्हा मी सभागृहातच होते. मला वजाबाकी करायला काही क्षण लागले. तिथून मी तिला न भेटताच घरी आले. दुसऱ्या दिवशी तीच आली, सफरचंदाचा केक घेऊन. पराभव झाला तर आभाराचा केक आधी कुणाच्या घरी न्यायचा हे तिने ठरवलेलं होतं म्हणे. तुमची दोन मतं तरी मला मोजायचीच नव्हती, ती माझीच होती, असं म्हणून तिने मला जवळ घेतलं. ते खरंच होतं आणि म्हणून मला जास्त लाज वाटली. मी तिला चहा दिला आणि केक कापला.

पुढचं ऐका. तिचा संशय तिच्या भावावर आहे. स्टॅन्ली नावाचा तिचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा, रोज फिलिपबरोबर होडीतून मासे धरायला जातो. मॉरीनला खात्री आहे की त्याने बहिणीला एक मत दिलं आणि मित्राला दुसरं. तो नाही म्हणतोय, तिचा विश्वास बसत नाही. बारा वर्षं दर रविवारी ती त्याच्याकडे जेवण घेऊन जाते. आज रविवार आहे. मी मुद्दाम खिडकीतून बघत होते. तिची गाडी जागची हलली नाही.

आता तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ती माझ्याकडे पुन्हा कधी पूर्वीसारखं बघणार नाही. या बेटावर मला माहेर म्हणून तेवढं एकच घर आहे. नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नाही, मतं गुप्त असतात. विनीत म्हणतो की हजारभर लोकांनी मतं दिली, आपलीच दोन का धरायची. मला ते पटत नाही, पण पटावं असं फार वाटतं.

आपली,
अनुजा

ता. क. ३० सप्टेंबर. पाकीट बंद करणार तेवढ्यात तुमचं पत्र आलं. एकच फुली मार, दुसरी कोरी सोड. मी दारातच उभी राहून वाचलं. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय म्हणू? पण एक विचारते. कोऱ्या जागेकडे बघून कागद दुमडणं अवघड असतं, हे तुम्हाला कसं माहीत?


॥ श्री ॥
काळाचौकी, मुंबई
१६ ऑक्टोबर २०२५

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी काकूला वाचायला दिलं नाही. दिवाळी चार दिवसांवर आहे, घरात चकल्यांचा वास आहे, आणि मी बाथरूमच्या शेजारच्या खोलीत दार लावून लिहितो आहे. तू विचारलंस ते सांगतो. हे वाचून झाल्यावर तुला माझा राग येईल. तो यावाच.

एकोणनव्वद साल. आपल्या जुन्या चाळीत कमिटीची निवडणूक होती. आपल्या दुसऱ्या मजल्याच्या अठरा खोल्या, प्रत्येक खोलीला एक कागद, आणि मजल्यावरून दोघांना पाठवायचं म्हणून कागदावर दोन फुल्या मारायची मुभा. उभे तिघे. कुशाबा येणार हे ठरलेलं होतं. दुसऱ्या जागेसाठी दगडू आणि जगदीश. खालची कोपऱ्यातली खोली तेव्हा रिकामी झाली होती. जगदीशचं म्हणणं, तिथे मुलांसाठी अभ्यासिका करावी, दोन ट्यूबलाइट आणि चार बाकं. दगडूचं म्हणणं, ती मंडळाच्या सामानाला हवी. आपल्या मजल्यावर बौद्धांच्या खोल्या दोनच, बाकी सगळे आपण कोकणातले. त्यांच्यातला कुणी तोपर्यंत कमिटीवर गेलेला नव्हता.

जगदीश माझ्या शेजारच्या मागावर. माझा डबा तो खायचा, त्याचा मी. आम्ही आठ खोल्या त्याच्या बाजूने उभ्या केल्या, त्यात तुझ्या बाबांची आणि माझी. सगळ्यांनी ठरवलं, एकच फुली, जगदीशला, दुसरी जागा कोरी. ही युक्ती माझीच.

तेव्हा तुझी काकू नुकती बाळंत झाली होती आणि दगडूची बायको रोज सकाळी तिच्यासाठी लापशी करून आणायची. मतदानाच्या सकाळीही आणली. मी कागद घेऊन कोपऱ्यात गेलो. जगदीशला फुली मारली. मग ती कोरी जागा, आणि ती लापशीची वाटी. मी दुसरी फुली दगडूला मारली आणि कागद दुमडला. वाटलं, एवढ्याने काय होतंय.

कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. जगदीशला आठ, दगडूला आठ. माझी फुली नसती तर दगडूला सात. एका कागदावर दोघांचीही नावं निघाली तेव्हा तो कागद आमच्या आठांतलाच कुणाचातरी हे सगळ्यांना कळलं. बरोबरी झाली म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. उचलायला लहान मूल हवं होतं. पुढे तूच उभी होतीस, सहा वर्षांची. तू दगडूची चिठ्ठी उचललीस आणि कुशाबाने तुला पेपरमिंट दिलं.

तुझी आई दगडूच्या गावची. त्यामुळे सगळ्यांच्या नजरा राजारामदादाकडे वळल्या. जगदीशचीही. मी तिथेच होतो. मी म्हणालो नाही की दादा नव्हे, मी. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग उद्या, मग शिमगा झाल्यावर. दोघांचं बोलणं बंद झालं. जगदीश माझ्याशी मात्र पूर्वीसारखाच राहिला, आणि ते मला इतकं हवंसं होतं की मी गप्प बसलो. नऊ वर्षांपूर्वी दादा गेला. त्यानंतर सांगून कुणाचं भलं होणार, असं मी स्वतःला समजावत आलोय.

आणखी एक गोष्ट लिहितो, ती याहून कठीण आहे. भिडेपोटी केलं असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. पण जगदीशच्या बायकोने, सुंदराबाईने, त्याच बाळंतपणात चार रात्री काकूजवळ बसून काढल्या होत्या. त्या वाटीची मला भीड वाटली आणि या चार रात्रींची वाटली नाही. असं का, ते तू विचारू नकोस. मला उत्तर माहीत आहे.

तेव्हा बाई, माझा सल्ला मागू नकोस, माझं बघून शहाणी हो. मॉरीनला सांग. त्या स्टॅन्लीचा आणखी एक रविवार जायच्या आत सांग. ती तुटली तर तुटू दे.

माया कमी केलीस तरी पत्र बंद करू नकोस, एवढंच मागतो.

रघुकाका


४ नोव्हेंबर २०२५

ती. रघुकाका,
नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी दोनदा वाचलं आणि मग कणीक मळायला घेतली. इतकी मळली की विनीतने येऊन परात काढून घेतली.

आधी मॉरीनचं. त्याच संध्याकाळी गेले. उभ्यानेच सांगितलं, बशी आणि पोहे आणि सगळं. तिने चहाचं पाणी ठेवलं होतं. ऐकून झाल्यावर तिने गॅस बंद केला, कोट घातला, आणि मला तिथेच सोडून गाडी काढून भावाकडे गेली. तिच्या रिकाम्या स्वयंपाकघरात मी थोडा वेळ उभी राहिले, मग दार ओढून घेऊन परत आले. स्टॅन्लीने तिला घरात घेतलं. पण पाच आठवडे माझी बहीण मला खोटारडा समजली, हे तो आता विसरणार नाही, असं तिनेच मला नंतर दुकानात भेटल्यावर सांगितलं. माझ्याशी ती नीट बोलते. मनूला खाऊ देते. फक्त पूर्वी मला मुली म्हणायची, आता अनुजा म्हणते. वॉर्ड मार्चमध्ये बंद होणार असं परवा जाहीर झालं.

आता आपलं. मला ते पेपरमिंट आठवतं, काका. पांढरं होतं, मधे भोक असलेलं. सगळ्यांसमोर मला मिळालं म्हणून मी किती दिवस मिरवत होते. कशाचं मिळालं ते कुणी सांगितलं नाही.

बाबा गॅलरीतून जाताना जगदीशकाकांच्या दारापाशी चाल मंद करायचे, हेही आठवतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले की तुझ्या काकाचे मित्र आहेत, त्यांना मान द्यायचा. पुढे नर्सिंगची पुस्तकं मी त्याच गॅलरीत कानात कापूस घालून वाचली, आणि खालच्या खोलीत मंडळाचे पडदे पडून होते. आणि बाबा गेले त्या दिवशी सगळी चाळ आली, परळ-लालबागमधून त्यांचे पोस्टातले लोक आले. मी दाराकडे बघत होते. मला वाटत होतं, आज तरी जगदीशकाका येतील. ते आले नाहीत. तेव्हापासून माझ्या मनात त्यांच्याविषयी अढी आहे. ती अढीसुद्धा तुमच्यामुळे चुकीच्या माणसाविषयी धरली गेली.

तुम्ही मला सांगितलंत, मॉरीनला सांग. मी सांगितलं. आता तुम्ही तीन मजले उतरा आणि सांगा. बाबांना आता ऐकू येणार नाही, पण जगदीशकाका आहेत, तुमच्याच टॉवरमध्ये अकराव्यावर. हे पत्र त्यांना दाखवलंत तरी चालेल.

मी तुमच्यावर रागावले आहे. काकूच्या गुडघ्याला मात्र तेल लावत जा. थंडी येते आहे.

अनुजा


काळाचौकी, मुंबई
२५ नोव्हेंबर २०२५

चि. अनुजास,
जगदीशकाकाचा जय भीम आणि आशीर्वाद.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. हात कापतो, अक्षर गोड मानून घे. पत्ता आमच्या विकासने लिहिला आहे. तो लहानपणी अभ्यासाला दादरला पायी जायचा, आता मला औषधं आणून देतो.

रघू रविवारी आला. लिफ्ट चालू असताना चौदाव्यावरून अकराव्यावर जिन्याने आला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी आहे. समोर बसला. आम्हाला दोघांनाही ऐकू येत नाही, ते बरं झालं, नाहीतर आवाज फुटला नसता. त्याने हवेत एक फुली मारली. मग तिच्याशेजारी दुसरी मारली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. आणि तुझं पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं.

मी त्याला सांगितलं की मला माहीत आहे. आता नाही, त्याच दिवसापासून. कागद वाचून झाल्यावर मी तो दोघांच्या फुल्यांचा कागद हातात घेऊन पाहिला होता. मागावर कापडात दोष दिसला की रघू खडूने फुली करायचा आणि तिच्या खाली एक टिंब द्यायचा. सगळ्या खात्यात ती सवय त्याची एकट्याची. त्या कागदावर दोन फुल्या होत्या आणि दोन्हींखाली टिंब होतं.

म्हणजे बघ, छत्तीस वर्षं तो मला फसवतोय असं त्याला वाटत होतं, आणि मी त्याला तसं वाटू देत होतो. मी राजारामचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. त्या दिवशी सगळे बघत होते म्हणून मीही त्याच्याकडे बघितलं, तेवढं पुरलं. रघूशी भांडलो असतो तर रोज आठ तास कुणाच्या शेजारी उभा राहणार होतो? डबा कुणाबरोबर खाणार होतो? सुंदराबाई म्हणायची, त्याचा दोष त्याच्या पदरात टाका. ती गेली तोवर मी टाकला नाही. राजाराम पोस्टात, त्याच्या माझ्या वाटा वेगळ्या. राग कुठेतरी ठेवायला हवा होता, तो मी त्याच्याकडे ठेवला. सोयीचं होतं. आमच्या लोकांवर दुसऱ्यांनी सोयीसाठी दोष ठेवले तर आम्हाला चीड येते. मी तेच केलं.

तुझ्या बाबांनी सत्तावीस वर्षांत एकदाही मला म्हटलं नाही की मी नव्हे. गॅलरीत समोर आला की थांबायचा. मला वाटायचं, आता म्हणेल. तो अंग चोरून मला वाट द्यायचा. त्याने मी नव्हे म्हटलं असतं तर मग कोण असा प्रश्न आला असता, आणि आठांतून त्याच्यानंतर लोकांनी बघितलं असतं ते त्याच्या धाकट्या भावाकडेच. हे त्याला कळत होतं. मलाही कळत होतं. रघूला तेवढं कळलं नाही. रविवारी मी ते त्याला हातांनी सांगितलं, तेव्हा कळलं. मग विकास त्याला वर सोडून आला. त्याच्यावर रागाव, पण फार दिवस रागावू नकोस. त्याचं वय झालं आहे.

तू लिहिलंस की बाबा गेले त्या दिवशी तू दाराकडे बघत होतीस आणि मी आलो नाही. मी आलो होतो, बाळ. पांढरा सदरा घातला, चार खोल्या ओलांडल्या, तुमच्या दाराशी चपलांचा ढीग होता त्यात माझ्या काढून ठेवल्या. आत तू दिसत होतीस. रघू राजारामच्या पायाशी बसला होता, त्याने वर बघितलं असतं तर मला आत येऊन सगळ्यांसमोर राजारामच्या पाया पडावं लागलं असतं, आणि मग का पडलो ते सांगावं लागलं असतं. तिथे थोडा वेळ अनवाणी उभा राहिलो. मग माझ्या चपला शोधून पायात घातल्या आणि माघारी फिरलो.

इकडे आलीस की घरी ये. तुझ्या बाबांविषयी मला पुष्कळ सांगायचं आहे, आणि ऐकायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

तुझा,
जगदीशकाका